सेगा म्हणजे आपला खेमटाच का? मॉरिशसला निघालेल्या एका ढोलकीवाल्याला उत्तर

तुमचे प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे दुसऱ्या कुणी हे वाचलं तरी संदर्भ लागेल. तुमच्या पत्नीला मॉरिशसला वर्षभराचं काम मिळालंय आणि तुम्ही बरोबर जाताय. चिपळूणजवळच्या गावात जाखडीच्या नाचाला तुम्ही बरीच वर्षं ढोलकी वाजवता. मोबाईलवर सेगा, म्हणजे तिथलं लोकसंगीत, ऐकलात आणि बोटं आपोआप मांडीवर चालायला लागली: अरे, हा तर आपला सहा मात्रांचा खेमटा! तर तो खेमटाच आहे का? हॉटेलांत दाखवतात तो सेगा खरा का? तिथली मराठी माणसं काय वाजवतात? आजूबाजूच्या बेटांवर जाण्यासारखं काही आहे का? आणि शेवटचं, ढोलकी बरोबर न्यावी का?

मी तबला शिकवायला दोन वर्षांसाठी गेले होते, अकरा वर्षं राहिले. पहिली तीन वर्षं तुमच्या पहिल्या प्रश्नातच अडकून काढली. म्हणून त्याचं उत्तर जरा लांबवते, बाकीची आखडती घेईन.

सहा मात्रा आहेत, हे खरं. हाताला दादरा-खेमटा आठवतो यात तुमची काही चूक नाही. मलाही आठवला होता, आणि मी तो मोठ्या आत्मविश्वासाने वाजवलाही होता. पश्चिम किनाऱ्यावरच्या एका कोळीवस्तीत, एका घराच्या मागच्या अंगणात, संध्याकाळी. तिथे एक म्हातारे गृहस्थ रावान तापवत बसले होते. रावान म्हणजे आपल्या डफाची थोरली बहीण म्हणा: लाकडी कडं, व्यास हातभराहून मोठा, वर बकऱ्याचं कातडं. सुक्या झावळ्या आणि फाटके पुठ्ठे यांचा जाळ केलेला. ते रावान त्यावर हळूहळू फिरवत होते, कुठे जास्त धरत, कुठे नुसतं दाखवून काढून घेत. मधेच आंगठ्याने एक टिचकी. आधी ओल्या गोणपाटासारखा ‘भप’ आवाज. चार फेऱ्यांनी ‘धब’. आणखी दोन-तीन फेऱ्यांनी काठाला ‘टण्ण’ आणि मधे खोल ‘दूंम’. मग हसून मान हलवली: झालं.

हलगीवाल्याला जाळ पेटवताना तुम्ही पाहिलंच असेल. समुद्राच्या दमट हवेत कातडं दर तासाला पाणी पितं, त्यामुळे हा जाळ रात्रभर धगधगता ठेवावा लागतो. त्या अंगणात जाळाजवळ बसणारा माणूस वाजवणाऱ्याइतकाच महत्त्वाचा असतो. दोन रावान वाजत असतात, तिसरी शेकत असते. एकीचा आवाज बसला की हातातल्या हातात बदल. आणि हे सगळं गाणं न थांबवता.

तर मी तिथे ढोलकी काढली आणि सुरू केलं. पोरं खूश झाली, टाळ्या पडल्या. म्हातारबांनी पाचेक मिनिटं ऐकलं, मग माझ्या मनगटावर हात ठेवून म्हणाले, ‘तो पे कोंते.’ तिथल्या क्रिओल भाषेत याचा अर्थ ‘तू मोजते आहेस’. मला वाटलं, मोजणार नाही तर काय करणार? ते काय म्हणाले हे कळायला तीन वर्षं लागली ती ही.

आपण सहा मात्रा घेतो तेव्हा समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, येण्यासाठी घेतो. धा धी ना, धा ती ना, आणि पुन्हा धा. सगळी चाल त्या ‘धा’कडे झुकलेली असते. जाखडीतही पाय कुठे आपटायचा हे नाचणाऱ्याला ढोलकी सांगते. सेगात तोच सहाचा पट्टा एकाच वेळी दोन तऱ्हांनी कापलेला असतो. तीन-तीनच्या दोन फोडी आणि दोन-दोनच्या तीन फोडी, दोन्ही एकदम चालू. नाचणारीची कंबर एका फोडीने चालते, रावानचा हात दुसरीकडे ओढतो, आणि मधे मारावान सहाही घरं न थकता भरत राहतं. (मारावान म्हणजे उसाच्या तुऱ्याच्या दांड्यांची चपटी पेटी, आत बिया, दोन्ही हातांत आडवी धरून हलवायची.) त्रिकोणी लोखंडी कांडी आपली तिसरीच गंमत करत असते. खालचा घुमारा एकावर पडेलच असं नाही. पडला तर पडला. तुम्ही एकावर जोर दिलात की हा सगळा झुलता पाळणा जमिनीला टेकतो आणि झोका थांबतो. मी त्या संध्याकाळी नेमकं हेच केलं होतं.

यावर उपाय एकच सांगते, जो मला कुणी सांगितला नाही. पहिले दोन महिने रावानला हात लावू नका. मारावान मागून घ्या. ते वाद्य कुणाला फारसं नको असतं, त्यामुळे लगेच मिळतं. दोन्ही मनगटं दुखेपर्यंत हलवत बसा आणि नजर नाचणाऱ्यांच्या पायांवर ठेवा. पाय जमिनीवरून उचलले जात नाहीत, घासत सरकतात. हे गुलामांच्या पायांतल्या बेड्यांमुळे असं तिथले गाईड हमखास सांगतात, त्यांना ते वाक्य फार आवडतं. मला विचाराल तर वाळूत आणि चिखलात नाचणाऱ्या कुणाचेही पाय असेच चालतील. असो. पाय बघा एवढंच.

आणि एक विनंती. रावान हे नाव ऐकून रावणाची आठवण काढू नका. आपल्याकडून गेलेला प्रत्येक जण हे करतो, मीही केलं. नंतर तुम्हाला सेगात खेमटा, मारावानात खुळखुळा आणि क्रिओलमध्ये कोकणी सापडायला लागते. ही बेटं माणसांशिवाय रिकामी होती. डच आले, गेले. अठराव्या शतकात फ्रेंचांनी मादागास्करहून आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून गुलाम आणून वसाहत उभारली. १८१० मध्ये इंग्रजांनी ती घेतली. १ फेब्रुवारी १८३५ ला गुलामगिरी संपली, आणि तिच्या थोडं आधी, १८३४ पासून, उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, येऊ लागले, पुढच्या काळात साडेचार लाखांच्या आसपास. राजधानी पोर्ट लुईच्या ज्या घाटावर ते उतरले तो आप्रवासी घाट आज जागतिक वारसा आहे. म्हणजे तिथलं प्रत्येक वाद्य, प्रत्येक चाल बाहेरून आलेली. ती कुठून आली हे विचारलंत तर अर्धं उत्तर मिळतं. तिथे आल्यावर तिचं काय झालं, हे बघायला जा.

आता हॉटेलचा सेगा. रंगीत घेरदार झगे, फुलं लावलेल्या मुली, सिंथेसायझर, शेवटच्या गाण्याला पाहुण्यांना हात धरून उठवणं. तुम्ही पहिल्याच आठवड्यात पाहाल, कुणी ना कुणी नेईलच. त्यातली रावान बहुधा कृत्रिम पडद्याची असते, जाळ लागत नाही, पावसातही आवाज तोच. नाक मुरडू नका. तिथे शनिवारी झगमगाटात वाजवणारा माणूस रविवारी आपल्या मामाच्या अंगणात कातड्याची रावान शेकत बसलेला मला कितीदा तरी भेटलाय. हॉटेलच्या पैशावर त्याचं घर चालतं. आपले किती ढोलकीवाले लग्नाच्या ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवतात ते आठवा.

पण दोन्ही एकच आहेत असंही समजू नका. ज्याला तिथे ‘सेगा तिपिक’ म्हणतात तो जुना, अंगणातला सेगा. त्यात गाणारा जागच्या जागी ओळी रचतो, टोमणे मारतो, शेजाऱ्याची लफडी काढतो, बाकीचे धृपद धरतात. सवाल-जवाबाची सवय असलेल्या तुमच्या कानाला हे लगेच कळेल, शब्द कळले नाहीत तरी. या सेगाचे राजे म्हणजे ‘ती फ्रेर’, खरं नाव झाँ आल्फोन्स रावातों. जन्म १९००, मृत्यू १९९२. १९६४ साली ल मोर्न डोंगराच्या पायथ्याशी सेगाची एक रात्र झाली, तिथे त्यांना ‘सेगाचा राजा’ ठरवलं. तोवर भल्या घरांतून सेगा म्हणजे दारुड्यांचा दंगा मानला जात होता. आपल्याकडे लावणीचं जे झालं तेच, फक्त तिथे वर्गाबरोबर कातडीचा रंगही होता. त्यांची रेकॉर्डिंग्ज मिळतात. आवाज खरबरीत, मागे एक रावान, एक मारावान, एक त्रिकोण, बस्स. जाण्याआधी ती महिनाभर ऐका, हॉटेलवाली नंतर.

ल मोर्नला जालच. पळून गेलेले गुलाम त्या कड्यावर लपून राहत. २००८ पासून तोही वारसास्थळ आहे. १ फेब्रुवारीला तिथे कार्यक्रम असतो, भाषणं फार होतात, पण अंधार पडल्यावर बाजूच्या झाडांखाली जे पेटतं ते चुकवू नका.

काया हे नाव तुम्हाला पहिल्या महिन्यातच ऐकू येईल, भिंतींवर दिसेल. जोसेफ रेजिनाल्ड तोपीझ, रोश ब्वा या पोर्ट लुईच्या गरीब वस्तीतला मुलगा. त्याने सेगात जमैकाचा रेगे मिसळला आणि त्याला ‘सेगे’ हे नाव रूढ झालं. फेब्रुवारी १९९९ मध्ये गांजाला कायदेशीर मान्यता मिळावी म्हणून झालेल्या एका जलशात त्याने गांजा ओढला म्हणून त्याला अटक झाली, आणि पोलीस कोठडीत त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर काही दिवस बेट पेटलं होतं. क्रिओल (म्हणजे गुलामांच्या वंशजांच्या) आणि हिंदू वस्त्यांमधल्या जखमा तेव्हा उघड्या पडल्या. हे सांगते अशासाठी, की तुम्ही भारतीय चेहऱ्याने रावान शिकायला जाणार आहात. बहुतेक जण हसून जागा देतील. एखादा देणार नाही. तेव्हा वाद घालू नका, मारावान घेऊन मागे बसा.

पद्धतशीर शिकायचं असेल तर मेनवार या कलावंताने रावान शिकवण्याची रीत बसवायला आयुष्य घातलंय, आणि बो बासाँ भागातला ‘आबायम’ हा गट लहान मुलांना घेऊन वर्षानुवर्षं हेच करतोय. मुलांच्या रांगेत बसायची लाज नसेल तर त्यासारखं दुसरं काही नाही. माझ्या शेजारी सात वर्षांची एक मुलगी बसायची, तिने माझा डावा हात सुधारला.

मराठी माणसांबद्दल तुम्ही जरा हळवं होऊन लिहिलंय, ते समजतं. मुंबई बंदरातून गेलेले गिरमिटिये, त्यांत बरेच रत्नागिरी आणि सावंतवाडीकडचे, म्हणजे तुमच्याच पंचक्रोशीतले म्हणा ना. पश्चिमेला कास्कावेल आणि त्याच्या आसपासच्या गावांत त्यांची घरं आहेत, बाकी बेटभर विखुरलेली. घरात बोलतात ती क्रिओल. मराठी शाळेत ऐच्छिक विषय म्हणून शिकतात, देवघरात म्हणतात आणि गणपतीत गातात. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते, देशभर.

त्या दिवसांत जे चालतं त्याला ते ‘झाकरी’ म्हणतात. तुमची जाखडीच. गोल, मधे किंवा बाजूला बसलेले गाणारे, झांज, ढोलकी. पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, आणि दुसऱ्याच मिनिटाला मी मनातल्या मनात चुका काढायला लागले: हा शब्द असा नाही, ही ओळ अर्धीच आहे, इथे पाय चुकला. हा आपला रोगच आहे. एकदा तर आपल्याकडून गेलेल्या एका पाहुण्यांनी भर मांडवात माईक घेऊन उच्चार दुरुस्त करून दाखवले. समोर साठीची एक बाई वही उघडी धरून उभी होती. तिने वही मिटली, आणि त्या रात्री पुन्हा उघडली नाही.

ती वही मी नंतर पाहिली. तिच्या आजीकडून ऐकलेली गाणी, रोमन लिपीत, आणि तीही फ्रेंच वळणाने लिहिलेली: ‘उ’साठी दोन अक्षरं, ‘श’साठी ‘च’ वाटावा असा जोड. मोठ्याने वाचल्याशिवाय मराठी आहे हे कळत नव्हतं, आणि मोठ्याने वाचलं की ऐकताना अंगावर यावी इतकी जुनी कोकणातली बोली. त्यातल्या दोन चाली मी आपल्याकडे कधी ऐकल्या नव्हत्या. संथ, जवळजवळ ओवीसारख्या. आपल्या जाखडीत गेल्या काही दशकांत सिनेमाच्या चाली आणि कॅसेटचा वेग शिरला. त्या वहीपर्यंत तो पोचलेला नव्हता. तेव्हा तुम्ही शिकवायला जाताय असं समजून जाऊ नका, तुमच्या हाती काही लागायची शक्यता जास्त आहे. शक्ती-तुऱ्याची, म्हणजे जाखडीतल्या सवाल-जवाबांची, तुमची पाठांतरं बरोबर न्या, मागितली तरच काढा.

विसर्जनाच्या मिरवणुकीच्या शेपटाला मात्र बघा काय होतं ते. पुढे ढोलकी-झांज, आरत्या. मागची पोरं आरती संपेपर्यंत कशीबशी दम धरतात, आणि मग कुणाच्या तरी गाडीतून रावान बाहेर येते. मोठी माणसं जरा रागावल्यासारखं करतात. मला स्वतःला ते शेपूटच आवडतं.

नाटकाची आवड असेल तर सरकारच्या कलाखात्यातर्फे वेगवेगळ्या भाषांत नाट्यमहोत्सव होतात, त्यांत मराठीही असतं. प्रयोग हौशी, पण हौस खरी. पोर्ट लुईचं जुनं नाट्यगृह १८२२ सालचं आहे, निदान बाहेरून तरी बघून घ्या.

लग्नसराईत एखाद्या भोजपुरी घरी बोलावणं आलं तर ‘गीत-गवाई’ अजिबात चुकवू नका. लग्नाआधीच्या रात्री बायका जमतात. आधी ढोलकाची पूजा: त्याला शेंदूर लावतात, हळद, तांदूळ, दूर्वा, पैसा ठेवतात. मग गाणी. ढोलक, चिमटा, आणि पितळी लोट्यावर चमचा. त्या चमच्याची लय इतकी पक्की असते की मी विद्यार्थ्यांना मेट्रोनोमऐवजी तिचं रेकॉर्डिंग लावून द्यायचे. आधी देवाची, मग विधीची, आणि रात्र चढली की झूमर. त्या वेळी आजीबाई उठून नाचतात आणि शब्द असे येतात की नव्या सुना पदरात तोंड लपवतात. मी बाई म्हणून आतल्या खोलीत बसू शकले. तुम्हाला मांडवात बसून ऐकावं लागेल, पण आवाज बाहेर येतोच. भोजपुरी गाण्यांत क्रिओल शब्द आणि सेगाची चाल मिसळून नाचायची गाणी करणारे ‘भोजपुरी बॉइज’ हेही याच घरांतून निघालेले.

युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत सेगा तिपिक २०१४ साली आला, गीत-गवाई २०१६ साली. शेजारच्या रियुनियन बेटाचा मालोया त्याआधी, २००९ मध्ये. मग रॉड्रिग्ज बेटाचा सेगा तांबूर २०१७, चागोस बेटांचा सेगा २०१९, सेशेल्सचा मुत्या २०२१. बारा वर्षांत सहा नावं, तेही इतक्या चिमुकल्या बेटांची. त्याने समारंभ वाढले, शाळांत वर्ग निघाले, पोस्टरं चांगली झाली. अंगणातल्या जाळाला सरपण त्याने आलं असं मला दिसलं नाही.

रियुनियनला मात्र जाच. विमानाने पाऊण तास. फ्रान्सचाच भाग आहे, त्यामुळे व्हिसाची चौकशी आधी करा, मॉरिशससारखं सहज नाही. साहित्य तेच: तेच गुलाम, तेच फ्रेंच मालक, तोच ऊस, मागून आलेले तमिळ मजूर, ज्यांना तिथे मलबार म्हणतात. आणि तरी मालोया ऐकलात तर वाटेल हे दुसऱ्याच कुणाचं. सेगा हसत-खिदळत चालतो. मालोया मान खाली घालून चालतो, ओझं उचललेल्या माणसासारखा, आणि मग अचानक सगळे एकदम ओरडून उत्तर देतात.

त्याची वाद्यं बघा. रूलेर म्हणजे पिंपाचा केलेला जाडजूड ढोल, त्यावर गाईबैलाचं कातडं. वाजवणारा त्यावर चक्क घोड्यासारखा बसतो आणि दोन पायांच्या मधून वाजवतो. टाच कातड्यावर दाबून स्वर चढवतो, धुमावर, म्हणजे ढोलकीच्या खर्जाच्या अंगावर, आपण तळहाताच्या टाचेने घिस्सा देतो त्याच्या जवळचं काहीतरी. कायांब हे मारावानचंच भावंड, आत कर्दळीच्या बिया. पिकेर म्हणजे घोडीवर आडवा ठेवलेला बांबू, दोन काठ्यांनी वाजवायचा. बोब्र हे एकतारी धनुष्य, भोपळा लावलेलं. तिथे सूर देणारं दुसरं काही नसतं, सगळा सूर गळ्यांचा.

मालोया बराच काळ दबलेला होता. मळ्यांत, आणि पितरांसाठी रात्रभर चालणाऱ्या ‘सेर्विस काबारे’ या विधींत तो जगला. आपल्या जागरण-गोंधळाची आठवण येईल, पण पुन्हा, तुलना परतल्यावर करा. सत्तरच्या दशकात तिथल्या कम्युनिस्ट पक्षाने तो आपल्या सभांत आणला, रेकॉर्ड काढल्या, त्यामुळे सरकारच्या डोळ्यांत जास्तच खुपू लागला. १९८१ नंतर पॅरिसमध्ये सत्ता बदलली, रेडिओ मोकळा झाला, आणि मालोया उघड्यावर आला. दान्येल वारो यांना ऐका. लष्करी सेवा नाकारली म्हणून जवळजवळ दोन वर्षं तुरुंगात काढलेला हा माणूस अजून आपली वाद्यं स्वतः बनवतो. आणि ग्रांमून लेले, साखर कारखान्यातले कामगार, २००४ मध्ये गेले. त्यांच्या घरात मलबारी देव आणि मादागास्करचे पितर दोन्ही पुजले जात, आणि गाण्यात दोन्ही ऐकू येतात. जायचं तर २० डिसेंबरच्या आसपास जा. १८४८ साली त्या दिवशी तिथे गुलामगिरी संपली. गावोगाव रात्रभर मालोया चालतो, तिकीट नाही, स्टेज असलं तरी त्याच्या मागचा घोळका जास्त बघण्यासारखा.

रॉड्रिग्ज मॉरिशसच्या पूर्वेला साडेपाचशेहून जास्त किलोमीटर, विमानाने दीड तास. मॉरिशसचाच भाग, २००२ पासून स्वतःची विधानसभा. तिथे ऊस फारसा नव्हता, म्हणून मजुरांच्या बोटी तिकडे वळल्या नाहीत आणि भारतीय वस्ती नगण्य. सेगा तांबूर तिथे बायकांचा. ढोल बायकांच्या मांडीवर, गाणारी बाई, बाकीच्या टाळ्या आणि काठ्या, वेग मॉरिशसच्या कितीतरी वर. मी हौसेने साथीला बसले आणि दहा मिनिटांत खांदे भरून आले. माझ्या शेजारची आजी सत्तरीपुढची, तिचं काही दुखत नव्हतं. त्याच वाडीत दुसऱ्या रात्री म्हातारे बाप्ये एकॉर्डियनवर पोल्का आणि मझुर्का वाजवत होते, युरोपात बहुधा कुणी नाचत नसेल अशा. खाऱ्या हवेने एकॉर्डियनचे दोन सूर उतरलेले. ते सगळ्यांना माहीत होतं, आणि गाणारे बरोबर त्या दोन ठिकाणी आपणही उतरत होते.

सेशेल्सला मी एकदाच गेले, ऑक्टोबरमधल्या क्रिओल उत्सवाला. मुत्याचे ढोल रावानसारखेच, तसेच जाळावर शेकलेले. वेळ आणि पैसा असेल तर जा, नसेल तर रियुनियनवर आणखी चार दिवस काढा.

चागोसला जाता येणार नाही. १९६७ ते १९७३ या काळात तिथल्या सगळ्या लोकांना हलवून त्यांतल्या दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेचा लष्करी तळ झाला. त्यांतली बरीच माणसं आणि त्यांची मुलं पोर्ट लुईच्या वस्त्यांत राहतात. त्यांच्या सेगात गावांची, बोटींची, खोबऱ्याच्या कामाची नावं येतात, ज्यांनी ती जागा पाहिलेलीच नाही अशी पोरं ती गातात. कुणी बोलावलं तर जा. फोनवर रेकॉर्ड करू नका, निदान पहिल्या भेटीत नको.

आता ढोलकी. न्या. पण नट-बोल्टवाली न्या, दोरीची घरी ठेवा. फेब्रुवारी-मार्चच्या वादळी हवेत दोरी ढिली पडते, आणि कड्या ठोकून ठोकून तुम्ही वैतागाल. शाईचं, म्हणजे काळ्या लेपाचं, एक पान तयार, मढवलेलं जास्तीचं घ्या, तिथे शाई भरणारा सहज मिळत नाही. धुमाला लावायचा मसालाही डबीत घ्या. विमानतळावर मसाल्याची डबी चेक-इन बॅगेत टाका, हातात ठेवलीत तर ती काय आहे हे समजावताना विमान चुकेल. माझं चुकलं नाही, पण धावावं लागलं.

आणि ढोलकी दमट झाली की तिथली मंडळी प्रेमाने ती तुमच्या हातून घेतील आणि जाळाकडे नेतील. तेवढं आधीच सांगून ठेवा. माझी शाई त्या पहिल्या संध्याकाळी एका पोराने अशीच भाजून काढली होती. बिचाऱ्याचा हेतू चांगला होता. दुसऱ्या दिवशी त्याने मला स्वतःची मारावान आणून दिली, आणि ती अजून माझ्याकडे आहे.